तोलविराम

पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायची वेळ आली की डॉ. हेमांगी खटावकर नेहमी एकच गंमत करायची. भाषण नाही, आलेख नाहीत. पाहुण्याच्या हातात टॅब द्यायचा आणि त्याला लहान व्हायला सांगायचं. आजवर एकालाही ते जमलं नव्हतं.

आज खुद्द शिक्षण सचिव राजोपाध्ये साहेब साताऱ्यात आले होते. मुलांच्या टॅबवर पहारा ठेवणारं 'कुंपण' येत्या जूनपासून साऱ्या राज्यातल्या शाळांना लावायचं की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं.

"साहेब, तुम्ही आता सातवीत आहात," हेमांगी म्हणाली. "पलीकडे दुसऱ्या शाळेतली एक मुलगी आहे असं समजा. तिच्याशी ओळख काढा. तुम्ही मोठे आहात हे तिला कळता कामा नये."

साहेबांच्या घरी नातवंडं होती, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहिलं, 'हाय! मी पण सातवीत. आमचे गणिताचे सर जाम बोअर मारतात. तुमचे?' निरोप पाठवून त्यांनी लढाई जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: प्रौढ.

"अहो, पण यात चुकलं काय? माझा नातू अगदी असाच लिहितो."

"शब्दांत काहीच चुकलं नाही, साहेब," डॉ. फिरोज मुजावर म्हणाला. हा हेमांगीचा जोडीदार संशोधक. कुंपणाचं अर्धं डोकं त्याचं होतं. "आमचं यंत्र शब्द वाचतच नाही. ते तुमची लेखनचाल बघतं. आपल्या गल्लीतला माणूस लांबून, पाठमोरा दिसला तरी चालीवरून ओळखू येतो की नाही? लिहिण्यालाही तशीच चाल असते. बोट कुठं अडतं, काय खोडतं, पाठवण्याआधी किती रेंगाळतं. मूल आधी पाठवतं आणि मग विचार करतं. मोठा माणूस मूल असल्याची बतावणी करायला बसला, की प्रत्येक वाक्य मनात तोलतो. हिला हे खरं वाटेल ना? जरा जास्त झालं का? तेवढ्यात बोट थबकतं. त्या थबकण्याला आम्ही तोलविराम म्हणतो. शब्द कुणाचेही उचलता येतात. तोलविराम लपवता येत नाही."

"म्हणजे मी थबकलो?"

"'बोअर'च्या आधी तर चांगलेच," हेमांगी म्हणाली, आणि साहेब खो खो हसले.

मग तिनं बाकीचं समजावून सांगितलं. जिल्ह्यातली सगळी शाळकरी मुलं आता एकाच बालजालावर होती. शाळेतला अभ्यास, घरचा गृहपाठ, मित्रांच्या गप्पा, आईबापांना आणि शिक्षकांना निरोप, सगळं त्यातूनच. बाहेरच्या जगाची दारं मुलांना बंद. पालक आणि शिक्षक आपापल्या नावानं नोंदलेले असल्यामुळे त्यांची चाल मोजायचं कारण नव्हतं. वाईट माणसाला आत शिरायचं तर मुलाचं सोंग घेऊनच शिरावं लागणार, आणि दारात कुंपण उभं होतंच.

"आणि सोंग उघडं पडलं की?"

"मूकबंदी," हेमांगी म्हणाली. ही कल्पना तिची स्वतःची होती आणि तिचा तिला अभिमान होता. "त्याला काही कळू द्यायचं नाही. कळलं तर तो दुसऱ्या नावानं परत येईल. त्याला येणारे निरोप चालूच राहतात. त्यानं पाठवलेलेही गेल्यासारखे दिसतात, पण पोचत कुणालाच नाहीत. तो भिंतीशी बोलत बसतो आणि तोवर पोलीस त्याच्या दारात जातात."

"ते निरोप तुम्ही वाचता?"

"नाही, साहेब. खात्यातलं सगळं येणंजाणं मोहोरबंद राहतं. कोर्टानं सांगितलं तरच उघडायचं. जिवावरचाच प्रसंग आला तर मात्र माझी आणि फिरोजची किल्ली एकदम लावावी लागते. अजून तशी वेळ आलेली नाही."

"छान. मग आजवर किती माणसं धरली?"

"चाळीसेक खाती बंद केली आहेत."

"माणसं किती?"

"तपास चालू आहे," हेमांगी म्हणाली. इथंच घोडं पेंड खात होतं. बंद केलेल्या प्रत्येक खात्याचा माग काढत पोलीस गेले की ते त्या मुलाच्याच घरात पोचत. टॅब त्याच मुलाचा, घर त्याचंच. म्हणजे घरातलंच कुणीतरी मोठं माणूस मुलाच्या नावानं लिहीत असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. कुठं मामाला चौकीत बसवलं, कुठं आजोबांना. कबूल मात्र कुणीच होत नव्हतं. हेमांगी म्हणायची, असली माणसं कबूल होतात का कधी?

कुंपण हे नाव ठेवलं तेव्हा ढमाळ बाईंनी टोमणा मारला होता. या हेमांगीच्या मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पहिल्या चाचण्यांसाठी आपला संगणककक्ष त्यांनीच उघडून दिला होता. "मॅडम, नाव तेवढं दुसरं बघा की," त्या म्हणाल्या होत्या. "कुंपणानं शेत खाल्ल्याचं आमी लहानपणापासनं ऐकतोय." सगळे हसले होते. हेमांगीही हसली होती.

पाहुणे गेल्यावर ती चहा घेऊन बसली तर फिरोज अजून पडद्यासमोरच होता. त्यानं तिच्याकडे न बघताच खुर्ची पुढे ओढली.

"ताई, जरा बसून घ्या."

"बसलेच आहे. काय झालं?"

त्यानं पडदा तिच्याकडे फिरवला. नव्यानं बंद झालेलं एक खातं. ऋजुता धनंजय खटावकर, इयत्ता सातवी. प्रौढ.

हेमांगीनं नाव पुन्हा वाचलं. ऋजुता तिची मुलगी.

"काहीतरी चूक असेल," ती म्हणाली.

"मी पुन्हा तपासलं. तोलविराम इतके लांब आहेत, की..." फिरोजनं वाक्य अर्धं सोडलं. मग टेबलाकडे बघत, हळू आवाजात त्यानं तोच प्रश्न विचारला जो आजवर पोलिसांनी चाळीस घरांत विचारला होता. "घरी कोण कोण असतं?"

घरी असायचं कोण? धनंजय नोकरीसाठी मस्कतला. ती स्वतः दिवसभर इथं. ऋजुता. आणि शैलेश.

शैलेश तिचा धाकटा दीर. लग्न केलं नव्हतं. पोवई नाक्याच्या पुढे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि राहायला तो यांच्याकडेच, वरच्या खोलीत. ऋजुताला शाळेतून आणणं, खायला करून घालणं, गृहपाठ घेणं हे सगळं त्याच्याकडे. गेल्याच आठवड्यात ऋजुताचा टॅब बिघडला होता, तो त्यानंच उघडून नीट केला होता. हे आठवलं आणि हेमांगीनं चहाचा कप बाजूला सारला.

नियम तिनंच केलेले होते. मुलाला काही विचारायचं नाही, टॅब काढून घ्यायचा नाही, घरातल्यांना कारण सांगायचं नाही. सावज सावध होता कामा नये. दुसऱ्याच्या घरी हे नियम शहाणपणाचे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. शैलेश स्वयंपाकघरात कांदा चिरत होता.

"भावजी, थोडे दिवस तुम्ही दुकानाच्या माळ्यावर राहाल का?"

"कोण पाव्हणे येणारेत का, वहिनी?"

"नाही."

कांदा चिरायचा थांबला. "माझं काही चुकलं का?"

"मला काही विचारू नका. आणि ऋजूशी सध्या बोलू नका. फोनवरसुद्धा नको."

शैलेश काही खुळा नव्हता. वहिनी काय काम करते ते त्याला ठाऊक होतं. टेबलावर ऋजुताचा टॅब पडला होता. त्यानं टॅबकडे पाहिलं, मग वहिनीकडे. त्यानं सुरी धुतली, हात पुसले. वरून पिशवी घेऊन खाली आला तेव्हा दारात थांबून एवढंच म्हणाला, "रवा भाजून ठेवलाय. फोडणी तेवढी द्या. पोर भुकेली येती."

मस्कतला धनंजयला तेवढं तिनं सांगितलं, तर तो फोनवर ओरडला, "शैलेश? हेमा, तू शुद्धीवर आहेस का?" हेमांगीनं फोन ठेवून दिला. प्रत्येक घरातलं माणूस पहिल्यांदा हेच ओरडतं, हे तिला पोलिसांकडून माहीत होतं.

ऋजुता शाळेतून आली. "काका कुठाय?"

"कामाला गेलाय. काही दिवस येणार नाही."

ऋजुतानं आईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून ती शहाण्यासारखी वागायला लागली. ताटातलं सगळं संपवायची, आपला गणवेश आपण इस्त्री करायची, आई आली की पुस्तक घेऊन आत जायची. एरवी कुणीही गुणाची पोर म्हणून कौतुक केलं असतं. हेमांगी मात्र आतल्या आत जळत होती. शैलेशनं हिला काहीतरी केलंय, म्हणूनच ही अशी मिटली, असं तिनं पक्कं धरलं. पोरीला जवळ घेऊन विचारावं असं रोज वाटायचं, आणि रोज नियम आडवा यायचा.

शैलेश गेला तरी खात्यावरची लाल खूण जाईना. टॅबवर अजूनही कुणीतरी तोलूनमापून लिहीत होतं. मग हेमांगीनं स्वतःची समजूत घातली, की दुरुस्तीवाला माणूस, लांबून लिहायची सोय करून ठेवली असेल. संशयी माणसाला पुरावा कमी पडत नाही.

फिरोज दोन दिवस रजेवर होता. आला तो दाढी वाढलेली, आणि तिच्या खोलीचं दार त्यानं लावून घेतलं.

"ताई, मी कोरेगावच्या बाजूला गेलो होतो. सोहम जगदाळे. आठवतंय? ज्याच्या आजोबांना चौकीत बसवलं होतं."

"तू कशाला गेलास? ते पोलिसांचं काम आहे."

"मला झोप लागेना. म्हातारा देवळात जायचा बंद झालाय, गावात तोंड दाखवत नाही." फिरोज बसला. "सोहमची आई पुण्याला दवाखान्यात आहे. मूत्रपिंडाचं दुखणं. घरी हा आणि आजोबा. मी त्या पोराशेजारी बसलो आणि म्हटलं, लिही बाबा आईला, रोज लिहितोस तसं. तो लिहायला लागला. 'आई, मी जेवलो.' जेवला नव्हता, ताई. चूल थंड होती. 'आजोबा बरे आहेत.' आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. प्रत्येक शब्दाला बोट थांबत होतं. आईला खरं वाटेल ना? आई रडणार नाही ना? आणि माझ्या डोळ्यांदेखत यंत्रानं त्याला प्रौढ ठरवलं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं."

हेमांगीनं पडद्यावर सोहमचं खातं काढलं.

"मी विचारलं, आई उत्तर देते का? तर म्हणाला, 'न्हाई देत. तिला बरं नसंल.' ती बिचारी तिकडे म्हणत असेल की पोरगं विसरलं मला. त्याचा एकही निरोप तिला गेलेला नाही. आपण ते सगळे मोहोरबंद करून ठेवलेत."

"एखादं खातं चुकू शकतं, फिरोज."

"दुसऱ्या घरी गेलो. तिथली मुलगी बाप पितो हे मैत्रिणींपासून लपवते. तीही प्रौढ. मग मी परत आलो आणि आपण मूल म्हणजे काय हे यंत्राला शिकवलं कशावरून, ते काढून बसलो. ताई, आपण नमुने कधी घेतले होते?"

"डिसेंबरात. संगणककक्ष तेव्हाच रिकामे मिळाले..." हेमांगी बोलता बोलता थांबली.

वर्षभर कुठल्याही शाळेत संगणककक्ष मोकळा नसतो. तास, चाचण्या, परीक्षा. मोकळा मिळतो तो एकाच आठवड्यात, गॅदरिंगच्या. तेव्हा तास नसतात. ढमाळ बाईंनी हेच सुचवलं होतं, बाकीच्या शाळांनीही तेच केलं, आणि या दोघांना ते सोन्याहून पिवळं वाटलं होतं. हेमांगीला ते दिवस आत्ता लख्ख आठवले. बाहेर लेझीम आणि ढोल. अर्धं तोंड रंगवलेली पोरं नाचाच्या दोन सरावांमध्ये धावत यायची, खिदळत टपाटप काहीबाही लिहायची आणि पळायची. ज्यांना नाचात घेतलं नव्हतं, ज्यांच्या घरी कुणी आजारी होतं, ज्यांना नाचायचा पोशाख परवडणारा नव्हता, ती त्या आठवड्यात शाळेत फिरकलीच नव्हती.

"आपण मुलं मोजली नाहीत," फिरोज म्हणाला. "आपण गॅदरिंग मोजलं. वर्षातल्या सगळ्यांत निर्धास्त दिवसांतलं मूल, तेच आपल्या यंत्राला मूल वाटतं. ज्याच्या मनावर ओझं आहे ते मूल शब्द तोलतं, आणि तोललं की आपण त्याला कुंपणाबाहेर काढतो. तेही अशा रीतीनं, की ते हाका मारत राहील आणि कुणालाच ऐकू जाणार नाही."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून हसत खाली गेलं. हेमांगीला पहिल्यांदा आठवला तो भाजून ठेवलेला रवा.

"म्हणजे ऋजूच लिहितेय," ती म्हणाली. "दुसरं कुणी नव्हतंच. मी शैलेशला..." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पण डोक्यातलं चक्र थांबत नव्हतं, आणि थोड्या वेळानं ती त्याच अवस्थेत म्हणाली, "पण ती कशाला तोलतेय? तिच्या मनावर कसलं ओझं?"

"त्याच्याही आधी एक बघा. तोलणारी मुलं जर आपण बाहेर काढली, तर आत कोण राहिलं?" फिरोज यंत्राकडे वळला होता. "सगळ्यांत कमी तोलविराम कुणाचे ते काढतो."

नावं सरकत वर आली. सगळ्यांत वर 'शौनक, सातवी'. त्याच्या लिहिण्यात तोलविराम जवळजवळ नव्हतेच. गॅदरिंगमधल्या मुलांहूनही कमी.

"इतकं निर्धास्त पोर?" हेमांगी पुढे झुकली. "असं मूल नसतं, फिरोज. कितीही सुखातलं असलं तरी कधीतरी अडतंच."

फिरोजनं शाळेला फोन लावला. शौनकचं कुटुंब गेल्या वर्षीच कॅनडाला गेलं होतं. दाखला नेला, खातं बंद करायचं राहून गेलं. ते खातं आता कितीतरी मुलामुलींना लिहीत होतं, आणि प्रत्येकाला लिहितानाची चाल हुबेहूब एकच होती. तोच वेग, तेच वळण.

"ज्याला पाढे पाठ आहेत तो अडत नाही," फिरोज म्हणाला. "तीच वाक्यं ज्यानं शेकडो पोरांना लिहिलीत, त्याला तोलायला उरलं काय? नवशिका चोर अडला असता. हा मुरलेला आहे. आपण त्याला मूल म्हणून आत घेतलंय."

शौनकच्या मित्रांच्या यादीत ऋजुताचं नाव होतं.

दोघांनी एकदम किल्ल्या लावल्या. ऋजुताचं खातं उघडलं आणि वर शौनकचा शेवटचा निरोप दिसला. 'उत्तर देत नाहीस ना? तुझ्या आईला तर पाठवलंच आहे. आज शाळा सुटल्यावर बागेत ये. एकटी. नाहीतर सगळ्या वर्गाला पाठवीन.'

"मला?" हेमांगी म्हणाली. "मला काय पाठवलंय? मला काहीच आलेलं नाही. थाप मारलीय त्यानं."

"ती उत्तरं देतच होती, ताई," फिरोज खालचं वाचत म्हणाला. "'मला भेटायचं नाही', 'मला नको', रोज लिहिलंय तिनं. आपण त्याला पोचू दिलं नाही. म्हणून तो चिडलाय."

शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. फिरोजनं पोलिसांना फोन लावला. बागेच्या सगळ्यांत जवळ शैलेशचं दुकान होतं. हे हेमांगीला ताबडतोब आठवलं. त्याचा नंबर लावायला मात्र तिचं बोट थबकलं.

"भावजी, ऋजूला कुणीतरी बागेत बोलावलंय. वाईट माणूस आहे. मी..."

"निघालो," शैलेश म्हणाला. का, कशाला, मलाच कसा फोन केलात, काहीसुद्धा त्यानं विचारलं नाही.

फिरोजच्या स्कूटरवरून ती शाळेपाशी उतरली तेव्हा मैदान रिकामं होतं. ढमाळ बाई फाटकात उभ्या होत्या. "असं काय पळत आलायसा, मॅडम? तुमची ऋजुता हाय की. किती येळ झाला, पाण्याच्या टाकीपाशी बसलीय. घरी जा म्हटलं तर म्हणती, इचार करतीय."

टाकीच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन ऋजुता बसली होती. तिला मिठीत घेताच हेमांगीला रडू फुटलं. फिरोज मागेच थांबला आणि फोनवर बोलत बाजूला गेला. पोलिसांनी बागेतून एकाला उचललं होतं. शैलेश त्याच्या अंगावर धावून गेला होता, त्याला दोघांनी आवरलं होतं.

"गेली नाहीस ना गं? गेली नाहीस," हेमांगी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

"जाणार होते," ऋजुता म्हणाली. "मग वाटलं, तो खरंच सातवीत असेल तर आईला न सांगता एकटा बागेत कसा येईल? मग वाटलं, नाही गेले तर तो वर्गात सगळ्यांना पाठवेल. मग परत वाटलं, जाऊ नये. मग ठरेचना. म्हणून बसले."

हेमांगीनं डोळे पुसले. ज्या थबकण्यापायी तिनं पोरीला प्रौढ ठरवून भिंतीआड टाकलं होतं, त्याच थबकण्यानं पोर वाचली होती. यंत्रानं नाही, आईनं तर नाहीच नाही.

"काय पाठवणार होता तो? असं काय आहे त्याच्याकडे?"

ऋजुतानं मान खाली घातली. "मी एकदा त्याला रागात लिहिलं होतं. आईपेक्षा मला काका जास्त आवडतो. आई घरात असून नसते. म्हणून." मग तिनं वर बघितलं. "पण ते तू वाचलंयस ना? त्यानं तुला पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी तू काकाला घालवलंस. माझ्यामुळे."

एवढ्याशा वाक्यासाठी? वाचलं असतं तर ती थोडी रडली असती आणि दुसऱ्या दिवशी लवकर घरी आली असती. या एका वाक्यानं आईला लागेल, एवढ्याच भीतीपोटी पोर इतके दिवस एका सैतानाचं ऐकून घेत होती.

"मी तुला लिहिलं होतं," ऋजुता म्हणाली. "समोर बोलायला भीती वाटायची. पण तू काही बोललीच नाहीस. मला वाटलं, खूपच रागावलीस."

फाटकापाशी फिरोजनं लॅपटॉप उघडला होता. त्यानं कुणालाही न विचारता जिल्ह्यातली सगळी मूकबंदी उठवली. राज्याच्या कुंपणाचं आणि सहीचं काय व्हायचं ते होवो.

पहिल्यांदा ढमाळ बाईंचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला. बाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं. 'बाई, मला घरी जायला भीती वाटते.' 'बाई, तुम्ही वाचलंत का?' त्या वाचत वाचत फाटकाच्या कट्ट्यावर खाली बसल्या.

मग हेमांगीच्या हातातला फोन थरथरला. एकामागून एक निरोप उतरू लागले.

'आई, तू आज लवकर येशील का?'

'आई, एक सांगायचंय. रागावणार नाहीस ना?'

'आई, काकाला परत बोलाव ना. मला तूच जास्त आवडतेस. खरंच.'

'आई, तू ऑनलाइन दिसतेस.'

ऋजुतानं वाकून फोनमध्ये पाहिलं. मग आईकडे.

"हे तुला आत्ता मिळतायत?"

हेमांगीला सगळं सांगायचं होतं. भिंत कुणी बांधली, का बांधली, कुणासाठी बांधली. कुठून सुरुवात करावी, कुठला शब्द पोरीला कमी लागेल, ते तिला सुचेना. ती तोलत राहिली.

ऋजुता वाट पाहत राहिली. त्याची तिला आता सवय झाली होती.